फोटो काढायला आलेले सोयरे

बोईसर, बुधवार, दि. १९ नोव्हेंबर २०२५, दुपारी दोन वाजून दहा मिनिटे.
(एका गृहस्थांचे पासपोर्ट फोटो कापत होतो. लक्ष ठिकाणावर नसल्याने त्यांचा डावा कान उडाला, फोटोतला. म्हणून कात्री बाजूला ठेवून पेन हातात घेतले.)

तीर्थस्वरूप प्रतापमामांच्या चरणी भाचा प्रणव याचा साष्टांग नमस्कार.

पत्र पाहून दचकू नका. इकडे सर्वजण सुखरूप आहेत, आईची साखर आटोक्यात आहे आणि कोणी वारलेले नाही. (हे पहिल्याच ओळीत लिहिले, कारण हल्ली पोस्टाने पत्र आले की विजयामामी आधी रडतात आणि मग पाकीट फोडतात.) तुमचा गुडघा कसा आहे? लांबलेल्या पावसाने पानवेलींचे नुकसान तर झाले नाही ना? आता फोन न करता पत्र का, तर तुमचा फोन नेहमी स्पीकरवर असतो आणि तुम्ही तो वाडीच्या कुंपणापाशी उभे राहून घेता. मागे मी माझ्या मूळव्याधीबद्दल तुम्हाला खासगीत विचारले, तर पुढच्या खेपेला केळव्याला उतरल्यावर रिक्षावाल्यानेच मला सुरण खायला सांगितले. म्हणून हा मजकूर कागदावर. कृपया मनात वाचावा.

विषय स्नेहलच्या स्थळाचा आहे. उमरोळीचे हे स्थळ तुम्ही आणलेत, तुमच्याच ओटीवर आम्ही एकमेकांना पाहिले, आणि खरे सांगायचे तर माझ्यासारख्या अकरावीतून शाळा सुटलेल्या, गॅस बंद आहे का हे दोनदा उठून पाहणाऱ्या माणसाला होकार देणारी मुलगी पुन्हा सापडायची नाही. ते स्थळ सध्या मोडल्यासारखे आहे. ते माझ्या हातून मोडले. (थोडेसे तुमच्या तोंडूनही, पण रागावू नका, पुढे वाचा.)

तुम्ही त्या लोकांना सांगितलेत की मुलाच्या बहिणीचा बोईसरला फोटोचा धंदा आहे. हे खोटे नाही. पण मामा, हे म्हणजे दारात बैल बांधलेला असताना नुसत्या त्याच्या गळ्यातल्या दाव्याचे वर्णन करण्यासारखे झाले. चारुताई एके काळी फक्त फोटोच काढत होती हे खरे. नव्या नवरा-नवरीचा फोटो तिच्याकडेच काढायचा असा पालघरपासून तारापूरपर्यंत रिवाज होता. ती म्हणायची की जोडप्याला ‘जरा जवळ बसा’ म्हटले की कोण सरकते, कोण सरकल्यासारखे करते आणि कोण खांद्यावर हात ठेवण्याआधी तो पँटला पुसते, यावरून तिला सगळा संसार दिसतो. मग तिला ते दुखणे झाले. (आई अजून ‘ते दुखणे’च म्हणते. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होता, हे तुम्हाला माहीत आहे. आता तपासण्या चांगल्या येतात.) मुंबईच्या खेपांमध्ये तिला काय खावे, किती वजन उचलावे, पुन्हा कधी यावे हे सगळे सांगितले गेले. एके दिवशी तिने विचारले, आणि नवरा-बायको म्हणून आम्ही कसे राहायचे? डॉक्टरांनी फाइल पाहिली. दुसऱ्या डॉक्टरांनी भिंतीवरचे कॅलेंडर पाहिले. तिसऱ्या बाई म्हणाल्या, जीव वाचला हे काय कमी आहे का? दिपेशभावजी शेजारीच बसले होते. ते आपल्या बुटांकडे बघत राहिले, आणि ताई सांगते की त्या वेळी त्या खोलीत एकही माणूस तिला कॅमेऱ्याकडे बघणारा दिसला नाही.

तिथून तिने जे मनात घेतले ते घेतलेच. डोक्यावरचे केस परत येण्याआधी पुस्तके आली. मानसशास्त्राची पदवी, मग समुपदेशनाची, मग खास याच विषयाचे शिक्षण आणि एका मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली उमेदवारी. आज ती लैंगिक आरोग्याची रीतसर समुपदेशक आहे. औषधाचे काम असेल तर डॉक्टरकडे पाठवते, बोलण्याचे असेल तर स्वतः बोलते, आणि मामा, बहुतेकांचे काम बोलण्याचेच असते. तुम्ही तेव्हापासून बोईसरला आलात की स्टेशनवरूनच फोन करता आणि ‘दुकानावर येत नाही, घाई आहे’ म्हणता. ताईला ते कळते. ती फक्त हसते आणि मला स्टेशनवर तुमच्यासाठी चहा घेऊन पाठवते.

सुरुवातीला आम्ही स्टुडिओबाहेर नवीन पाटी लावली. अक्षरे मी स्वतः काढली होती, एकही चूक नव्हती. महिनाभर त्या फुटपाथवरून माणूस चालेना. ज्यांना खरोखर फोटो हवे होते तेही पलीकडच्या बाजूने मान खाली घालून जाऊ लागले. मग ताईने ती पाटी आतल्या खोलीच्या दारावर लावली आणि बाहेर जुनी ‘चारुता फोटो’ हीच राहू दिली. त्यानंतर लोक येऊ लागले आणि प्रत्येकजण काउंटरवर एकच वाक्य बोलू लागला, ‘फोटो काढायचाय.’ म्हणून आमचा नियम झाला की आत बोलून आलेल्या प्रत्येकाचा बाहेर येताना खरोखर फोटो काढायचा, म्हणजे घरी दाखवायला हातात काहीतरी असते. (यातूनही घोटाळे होतात. एका बाईंनी येऊन विचारले की माझा माणूस परदेशी पळून जाणार आहे का, दर पंधरवड्याला पासपोर्टचे फोटो कशाला काढतो? त्या आता त्याच्याबरोबर येतात आणि फोटोही जोडीने काढतात.)

माझे काम एवढेच की कोण आतला आणि कोण बाहेरचा हे ओळखायचे. खरा फोटोवाला आल्या आल्या आरशात बघतो आणि भाव विचारतो. आतला माणूस आरशात बघत नाही, रस्त्याकडे बघतो, आणि भाव तर विचारतच नाही. या परीक्षेत मी सहसा चुकत नाही. एमआयडीसीतला एक कामगार आला होता, तो आरशातही बघेना आणि रस्त्याकडेही बघेना, तेव्हा मी सरळच विचारले, ‘भैया, आप अंदर के हो या बाहर के?’ तो म्हणाला, ‘गोरखपूर के हैं. फोटो गेट पास के लिए चाहिए.’ असे अपवाद सोडा.

तर गेल्या बुधवारी एक गृहस्थ आले. पांढरा शर्ट, हातात चिकूंची पिशवी. आरशाकडे ढुंकून पाहिले नाही. रस्त्याकडे दोनदा पाहिले, माझ्याकडे चारदा. घसा खाकरून म्हणाले, ‘फोटो काढायचा हाय.’ मी भाव सांगितला तर म्हणाले, ‘भावाचं काय नाय, आधी बघू तर द्या जरा.’ मामा, याहून पक्का आतला माणूस मी पाहिलेला नाही. मी आवाज हळू करून म्हणालो, काका, संकोच करू नका, इथे सगळे आपलेच असतात, आणि त्यांना खांद्याला धरून आत बसवून दार लावून घेतले. ते स्नेहलचे वडील प्रदीपकाका होते. जावई आणि त्याचे दुकान गुपचूप बघायला आले होते. (आपल्या बैठकीच्या दिवशी ते तापाने घरी पडून होते, मी त्यांना ओळखणार कसा?)

आत काय झाले ते मला माहीत नाही, माहीत असते तरी लिहिले नसते. खोलीची भिंत प्लायवूडची असल्याने मी बाहेर नेहमी रेडिओ लावून बसतो. ताईचे पहिले वाक्य मात्र सर्वांना सारखेच असते, ‘बसा. कधीपासून त्रास होतोय?’ तेव्हा काकांना म्हणता आले असते की बाई, मी मुलगा बघायला आलोय. म्हटले नाही. रेडिओवरचा ‘आपली आवड’ कार्यक्रम संपून, बातम्या संपून शेतीचा कार्यक्रम लागला तरी दार उघडेना. उघडले तेव्हा काकांचे डोळे लाल होते आणि चेहरा मात्र नुकत्याच न्हालेल्या माणसासारखा. स्टुलावर बसले तर हसू आवरेना. मी म्हणालो, काका, पासपोर्टच्या फोटोत दात चालत नाहीत. तर म्हणाले, ‘राहू दे रे, प्रणव. किती वर्षांनी आलेत.’

माझे नाव त्यांच्या तोंडून ऐकले आणि मला सगळे कळले.

ताईलाही तेव्हाच कळले. ती बाहेर येऊन म्हणाली, ‘काका, माझी चूक झाली, मी आधी नाव विचारायला हवं होतं. पण आता एकतर तुम्ही माझ्याकडे येणारे, नाहीतर आमचे सोयरे. दोन्ही जमायचं नाही. बाबा नाहीत, तेव्हा लग्नाच्या बैठकीला मीच बसणार. तुमच्या पोटातलं ऐकून मी देण्याघेण्याचं बोलायला तुमच्यासमोर कशी बसू?’ तिच्या कामाचा नियमच आहे तो, आणि ती त्यात सवलत देत नाही. वसईला एक अनुभवी डॉक्टर आहेत, पुढे त्यांच्याकडे जा, मी बोलून ठेवते, असे तिने सांगितले. काकांनी चिकूंची पिशवी काउंटरवर ठेवली, माझ्याकडे बघितले, ताईकडे बघितले, आणि म्हणाले, ‘वसईला मी एकटा जायचा नाय. हे सगळं परत नव्या माणसासमोर? जावई काय, दुसरा बी मिळंल. असं ऐकून घेणारं माणूस मला कुठं मिळंल?’ जाताना मला म्हणाले, ‘तुझ्या मामाला तूच कळव. मी फोनवर नाय बोलणार, त्याचा फोन लई मोठ्यानं बोलतो.’

तेव्हा हे मी त्यांच्याच सांगण्यावरून कळवत आहे. त्यांनी घरी एवढेच सांगितले की मुलगा बरा आहे पण जमायचे नाही. स्नेहल रोज फोन करून विचारते, माझ्या बाबांनी तुझ्यात काय पाहिलं? काय सांगू? मी म्हणतो, तुझ्या बाबांनाच विचार. ती म्हणते, बाबा नुसते हसतात, आधी कधी हसत नव्हते. काल म्हणाली, तुला मी नको असेन तर तसं सांग. मी रडलो नाही, पण मघाचा कान त्यामुळेच उडाला. मला कोणाकडून काही मागायचे नाही. वडीलधाऱ्यांच्या कानावर असावे इतकेच. मामींना नमस्कार, गुडघ्याला जपा.

आपला आज्ञाधारक,
प्रणव

ता. क. – वर ‘काही मागायचे नाही’ असे लिहिले आहे ते रीतीप्रमाणे. मागायचे आहे. येत्या शनिवारी तुम्ही प्रदीपकाकांबरोबर वसईला जाल का? ते एकटे जाणार नाहीत, पण तुम्ही हाक मारलीत तर नाही म्हणणार नाहीत. डॉक्टर पुरुष आहेत, वयस्कर आहेत, आणि ताई म्हणते की तिच्यापेक्षा छान ऐकतात. तुम्ही बाहेर बाकावर बसायचे, पेपर वाचायचा. काका पुढे त्यांच्याकडे जाऊ लागले की ताई बैठकीला बसायला मोकळी, आणि मी स्नेहलला तोंड दाखवायला. बहिणीचा धंदा कोणता हे मात्र तिच्या घरच्यांना या वेळी तुम्ही नीट सांगायचे.

ता. क. दुसरा – तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध, लोक बघतील तर काय म्हणतील. तेव्हा पेपर तोंडासमोर धरायचा.

ता. क. तिसरा – पाकिटाला डिंक लावत होतो इतक्यात विजयामामींचा फोन आला. ताईने त्यांना काही सांगितलेले नाही, मीही नाही, प्रदीपकाकांच्या घरून स्थळाचे कळले म्हणून केला होता. मी एवढेच म्हणालो की मामांना एका कामासाठी वसईच्या डॉक्टरांकडे सोबत म्हणून पाठवायचे आहे. त्यांनी कोणते डॉक्टर ते विचारले, मी नाव सांगितले. तर म्हणाल्या, ‘अरे, दिवाळीनंतर मीच येऊन गेले ना चारूकडे, तू नव्हतास त्या दिवशी. तिने मला त्यांचंच नाव दिलंय, मामांसाठी. तेव्हापासून त्यांच्यापाशी विषय कसा काढावा या विचारात होते. लिही त्यांना, माझं नाव घालून लिही.’ म्हणून लिहिले. तर मामा, शनिवारी उमरोळीहून काकांना घ्या आणि दोघे मिळून जा. कोण कोणाच्या सोबतीला आलाय, हे मात्र वसई येईपर्यंत एकमेकांना विचारू नका.