सचोटी मंडळातली माझी साक्ष

८ ऑगस्ट १९७४

मला घेतलं! सचोटी मंडळात — पाच जणांत एकटी मुलगी मी. प्राचार्यांनी स्वतः वर्गात येऊन नावं वाचली. यापुढे कॉपीची प्रकरणं शिक्षक बघणार नाहीत, मुलांचा न्याय मुलंच करतील, असं म्हणाले. टाळ्या झाल्या. माझ्या नावाला जरा कमी झाल्या, ते मला कळलं. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "आता ह्यांच्यातली आमचा न्याय करनार!"

घरी सांगितलं. वडील, आमचे दादा, नुकतेच वेल्ह्याची एस.टी. लावून आले होते, ड्रायव्हरचा खाकी सदरा अजून अंगातच. हसले नाहीत, पण आईला म्हणाले, "जरा गोड कर काहीतरी." आईने शिरा केला, आणि वाढताना म्हणाली, "कुनाच्या वाईटावर जाऊ नगंस, बाई."

१७ ऑगस्ट

नियम ठरवायला बसलो. अध्यक्ष चिमाजी. तो टी.वाय.ला आहे, पुढे वकील व्हायचं म्हणतो आणि आत्ताच तसा बोलतो. लिहायचं काम माझ्याकडे, कारण अक्षर चांगलं!

ठरलं ते असं. ज्याच्यावर आरोप, त्याला आधी बोलू द्यायचं. आत झालेलं बाहेर सांगायचं नाही. दोषी ठरवायचं तर सगळ्यांचं एकमत हवं, एकानेही नाही म्हटलं तर सुटका. कॉपी घेणारा आणि देणारा सारखेच दोषी. यावर खूप वाद झाला, पण चिमाजी हटला नाही.

एक नियम मी सुचवला. सदस्याने प्रकार स्वतः डोळ्यांनी पाहिला असेल, तर त्याने न्यायाला बसू नये. उठून साक्ष द्यावी. ज्याने पाहिलं तो आधीच ठरवून बसलेला असतो, असं मी म्हटलं. चिमाजी म्हणाला, "वा! हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं." दिवसभर हवेत होते मी.

९ ऑक्टोबर

सहामाहीचा इतिहासाचा पेपर. सोपा होता. पण —

लिहू की नको? इथे लिहायला काय हरकत आहे!

माझ्या उजव्या हाताच्या रांगेत सर्जेराव बसतो. पासलीचा. त्याच्या गावातून कॉलेजात आलेला तो पहिलाच, सर त्याचं उत्तर वर्गात वाचून दाखवतात. त्याच्या मागे साहेबराव — शिवऱ्याचा, वडिलांचं हायवेवर हॉटेल आहे, आणि कॉलेजच्या कमिटीत ते आहेत. मी शाई भरायला मान वर केली. सर्जेरावाने डावं कोपर उचललं. पुरवणी बाकाच्या कडेला सरकली. साहेबरावाने ती खाली ओढून घेतली. सर खिडकीशी उभे होते, त्यांना दिसलं नाही.

मला दिसलं.

१२ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी. आईबरोबर चिवडा केला. मनात तेच.

२५ नोव्हेंबर

व्हायचं तेच झालं. इतिहासाच्या सरांना दोन पेपरांत शब्दाला शब्द सारखा सापडला. तक्रार मंडळाकडे आली, पण तक्रारीत नाव फक्त सर्जेरावाचं! साहेबरावाचं का नाही, असं मी विचारलं. चिमाजी खाली बघत म्हणाला, "सरांनी जसं लिहून दिलं तसं आलंय."

मंडळातल्या बाकीच्या तिघांपैकी दोघे आत्ताच म्हणतायत, खेड्यातलं पोर, त्यानेच बघून लिहिलं असणार. तिसरा काहीच बोलत नाही.

अठ्ठावीसला सुनावणी.

२६ नोव्हेंबर

डोकं फिरायची वेळ आली आहे.

मी गप्प बसले, तर मंडळात राहीन. मत 'नाही' दिलं की सर्जेराव सुटला. एकमत नाही म्हणजे सुटका. कुणाला कारण सांगायला नको. किती सोपं!

आणि खरं बोलले, तर माझ्याच नियमाने मला उठावं लागणार. मत गेलं. उरलेल्या चौघांनी काय करायचं ते करावं. शिवाय सांगायचं काय? त्याने सरकवली, हेसुद्धा सांगावं लागेल. देणारा घेणाऱ्याएवढाच दोषी! म्हणजे माझ्या खरं बोलण्याने तो सुटायचा नाही, अडकेल.

आणखी एक. परीक्षेत मी एका मुलाकडे बघत होते, हे पाच पोरांसमोर कबूल करायचं. भोर केवढंसं आहे! बाजारपेठेत जायच्या आत गोष्ट पोचेल.

कमळाला नुसतं आडून विचारलं. ती माझ्या शेजारी बसते. ती म्हणाली, "तू गप ऱ्हा. तुझ्याशी लगीन कोन करनार मग?"

२७ नोव्हेंबर

दादांना विचारलं. नावं सांगितली नाहीत, प्रकरण सांगितलं नाही. इतकंच विचारलं, की आपण केलेला नियम आपल्यालाच नडत असेल तर काय करायचं?

दादा बूट काढत होते. दुसरा बूटही काढून ठेवला. मग म्हणाले, "गाडीत मोफत कुनाला घ्यायचं न्हाई, असा नियम. माझा सख्खा भाऊ चढला तरी म्या कंडक्टरला तिकीट फाडाया लावलं. भाऊ वरीसभर बोलला न्हाई माझ्याशी." मी विचारलं, "मग वाईट नाही वाटलं?" "वाटलं की! लई वाटलं."

एवढंच. पुढे काही शिकवण नाही. उठून तोंड धुवायला गेले.

२८ नोव्हेंबर



वाचनालयाच्या मागच्या खोलीत सुनावणी. सर्जेराव उभा होता, बस म्हटलं तरी बसला नाही. चिमाजीने तक्रार वाचली. मग म्हणाला, "तुला काय सांगायचंय?"

"काय न्हाई."

"तू बघून लिहिलंस?"

"न्हाई."

"मग दोन्ही पेपर सारखे कसे?"

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. म्हणजे तेव्हा मी पाहिलेलं त्याच्या लक्षात आलं होतं!

चिमाजीने मतांना सुरुवात करायची म्हटली आणि मी उठले. आपण उठलोय हे उठल्यावरच कळलं. मी म्हणाले, "मी मत देऊ शकत नाही. मी पाहिलंय."

त्या दोघांतला एक हसला. "पेपर लिवत हुतीस का ह्याच्याकडं बघत हुतीस?"

चिमाजी ओरडला त्याच्यावर. पण प्रश्न हवेत राहिलाच. मी म्हणाले, "बघत होते. शाई भरताना. काय पाहिलं ते सांगते." आणि सांगितलं. कोपर, पुरवणी, खालून ओढणारा हात. साहेबरावाचं नाव घेतलं. कान तापले होते, आवाज मात्र नीट आला.

चिमाजीने विचारलं, "त्याने ओढून घेतली, की ह्याने दिली?"

इथेच थांबता आलं असतं. 'ओढून घेतली' म्हटलं असतं, तर कोण खोटं ठरवणार होतं?

मी म्हणाले, "कोपर ह्याने उचललं. पुरवणी ह्याने सरकवली."

सर्जेरावाने डोळे मिटले.

"का दिलीस?" चिमाजीने त्याला विचारलं. दोनदा विचारलं. त्याने तोंड उघडलं नाही. मग मला बाहेर जायला सांगितलं, नियमाप्रमाणे. मी ओसरीवर उभी. आतून आवाज येत होते, शब्द कळत नव्हते.

२९ नोव्हेंबर

आज साहेबरावाला बोलावलं होतं. मी साक्षीदार, त्यामुळे आत नव्हते. तो बाहेर आला तो सरळ माझ्यासमोर. वाटलं, आता शिव्या घालणार. पण नुसता बघत राहिला आणि निघून गेला. तोंड उतरलेलं. त्याने सगळं नाकारलं म्हणे.

तरी निकाल झाला, चौघांचं एकमत! दोघांचाही इतिहासाचा पेपर रद्द. शिक्षा सारखी. वार्षिकला दोघांनाही बसू द्यावं. चिमाजी म्हणाला, त्या दोघांना वळवायला संध्याकाळ झाली. "तुझ्या साक्षीमुळे झालं. तू सर्जेरावाची बाजू घेतली असतीस, तर त्यांनी काहीच मानलं नसतं."

निकाल प्राचार्यांकडे गेला. सहीपुरता.

२ डिसेंबर

नोटीस लागली.

सर्जेराव — यंदा वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही.
साहेबराव — ताकीद.

मी पुन्हा पुन्हा वाचली. आमचा निकाल असा नव्हता! चिमाजी पांढराफटक. दोघे गेलो प्राचार्यांकडे. तिथे कमिटीतले दोघे चहा पीत बसलेले. त्यांच्यात साहेबरावाचे वडील. प्राचार्य म्हणाले, "ज्याने दिलं त्याने दुसऱ्याला मोहात पाडलं. तुमच्याच साक्षीदाराने सांगितलंय, त्यानेच सरकवली."

माझेच शब्द! माझ्याच तोंडावर फेकले!

मी म्हणाले, "सर, आमच्या नियमात दोघे सारखे दोषी आहेत."

"नियम तुम्हाला सवय लागावी म्हणून होते, बाई." आणि साहेबरावाच्या वडिलांकडे बघून हसले. तेही हसले. म्हणाले, "हुशार हाय पोरगी. कुनाची म्हनायची?"

चिमाजीने सांगितलं नाही. मी सांगितलं. दादांचं नाव, गावकुसाबाहेरची आमची वस्ती, सगळं. हसणं थांबलं.

३ डिसेंबर

चिमाजीने राजीनामा दिला. मीही. मंडळ बरखास्त!

५ डिसेंबर

फळ्यावर माझं आणि सर्जेरावाचं नाव लिहिलं होतं. बाण काढलेला. पुसायला मीच गेले. कुणी हललं नाही. मग कमळा उठली आणि डस्टर माझ्या हातातून घेतलं.

घरापर्यंतही पोचलंच. आईने जेवताना विचारलं, "त्यो पासलीचा पोरगा कोन?" मी काही म्हणायच्या आत दादा म्हणाले, "खरं बोलली ती, म्हनून नाव घेत्यात लोकं. जेव तू." 

७ डिसेंबर

सर्जेराव गेला.

एस.टी. स्टँडवर होता, ट्रंक घेऊन. तो साहेबरावाच्या वडिलांच्या खोलीवर राहायचा, इथे भोरमध्ये, दोघे एकत्रच. आता तिथे कसा राहणार? मी दादांचा डबा द्यायला गेले होते. धीर करून जवळ गेले. माफी मागायची होती, पण कशाची ते सुचेना. म्हणाले, "मी खोटं नाही बोलले."

तो म्हणाला, "न्हाई. जे दिसलं तेच सांगितलंस."

"तू का बोलला नाहीस मग?"

"बोलून काय झालं असतं?" आणि ट्रंक टपावर चढवायला लागला. आई शेतात एकटी आहे म्हणाला, भाताची मळणी चाललीय.

पलीकडे, उसाच्या रसाच्या दुकानाआड, साहेबराव उभा होता. गाडी सुटेपर्यंत हलला नाही. पुढेही आला नाही.

१४ जानेवारी १९७५

संक्रांत. तिळगूळ द्यायला फार जण आले नाहीत. चिमाजी आला मात्र, बहिणीला घेऊन, राजरोस पुढच्या दाराने.

२० फेब्रुवारी

अभ्यास. साहेबराव वर्गात येतो, पण कुणाशी बोलत नाही. सर्जेरावाच्या बाकावर नवीन मुलगा बसायला लागला, तर त्याला उठवलं त्याने. मला राग येतो. आता काय उपयोग!

२ एप्रिल

उद्या इतिहास. झोप लागेलसं वाटत नाही. राहून राहून एकच मनात येतं. तेव्हा दुसरं काही सांगता आलं असतं का? नाही. जे घडलं ते घडलं होतं. त्याने दिली होती. इतकं तरी पक्कं आहे.

३ एप्रिल

पेपर वाटून झाले आणि साहेबराव उभा राहिला. सर म्हणाले, बस खाली. तो बसला नाही. सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाला, "सर्जेरावानं राजीखुशीनं दिली न्हवती पुरवणी. पेपराच्या आधी म्या त्याला म्हनलो व्हतो, दिली न्हाईस तर आज रातच्याला तुझी ट्रंक रस्त्यावर फेकीन. आन् तक्रार झाल्यावर म्हनलो, मंडळापुढं बोललास तरी फेकीन." कोरी उत्तरपत्रिका सरांच्या टेबलावर ठेवली. "त्यो बसंपत्तोर म्या बी बसत न्हाई."

आणि गेला.