चौथा हात

३ मार्च
नातीच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताचा रिपोर्ट आला. फिनाइलअ‍ॅलनिन वाढलेलं! 'दुधातलं हे एक अमिनो आम्ल हिच्या शरीराला वापरता येत नाही. साठत गेलं तर मेंदूला धोका,' डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लेक माझ्याकडे बघायला लागला – 'आई, तू शिकलीयेस ना हे?'

शिकलेय. अमिनो आम्लाच्या मध्ये कार्बन. त्याच्या एका हाताला अमिनो गट, दुसऱ्याला आम्लाचा, तिसऱ्याला हायड्रोजन. वेगळा असतो तो चौथा हात. त्यावरून वर्गीकरण – पाण्यात रमणारी, पाण्यापासून पळणारी, आम्लधर्मी, अल्कधर्मी. फिनाइलअ‍ॅलनिनच्या चौथ्या हाताला कार्बनचं कडं. त्या कड्यावर एक ऑक्सिजन बसवला की टायरोसिन तयार. नातीला तेवढंच जमत नाही. एवढ्याशा कामावाचून एवढं मोठं संकट!

५ मार्च
फिनाइलअ‍ॅलनिन अजिबात नसलेली खास दुधाची पावडर सुरू. वास भयंकर. त्यात टायरोसिन घातलेलं – आमच्या पुस्तकात ते अनावश्यक गटात, शरीर स्वतः बनवतं म्हणून. हिला मात्र बाहेरूनच द्यायला हवं. पाठ केलेला तक्ता घरातच उलटा!

आईचं दूध बंद नाही. काढून, मोजून, थोडंसं द्यायचं. ते सुनेकडे. ती खोलीचं दार लावून घेते. मला बंद दारं आवडत नाहीत.

१२ मार्च
रक्तातला फिनाइलअ‍ॅलनिनचा आकडा वाढला. कमी व्हायचा सोडून! मी सरळ विचारलं, 'चोरून अंगावर पाजतेस?' सून उठून खोलीत गेली. लेक ओरडला, 'आई, पुरे आता!' कोणी धड जेवलं नाही.

१३ मार्च
सकाळी नातीला काट्यावर ठेवलं. वजन घटलंय. चोरून पाजलं असतं तर वाढलं असतं. मग?

भांडी घासताना लख्ख आठवलं. दुसरं वर्गीकरण – आवश्यक आणि अनावश्यक. फिनाइलअ‍ॅलनिन आवश्यक गटात! शरीर ते बनवूच शकत नाही, आणि त्याशिवाय प्रथिनं बांधताही येत नाहीत. अजिबात मिळालं नाही तर शरीर आपलीच प्रथिनं मोडायला काढतं. आणि मोडली की त्यांतलं फिनाइलअ‍ॅलनिनच रक्तात उतरतं.

हात न पुसताच सुनेकडे गेले. 'एक थेंबही दिला नाहीस ना?'

ती रडायलाच लागली. 'विष कसं पाजू, आई? सगळं बेसिनमध्ये ओतलं.'

डॉक्टरीणबाईंना फोन. 'आत्ताच्या आत्ता सुरू करा. ठरलंय तेवढंच, पण रोज.'

नात घटाघटा प्यायली. बाटली सुनेच्या हातात. मी ती खालून धरली.

२० मार्च
आकडा उतरला. वजन चढलं.

सुनेला म्हटलं, 'चुकले मी.'

'ऐकू नाही आलं, आई.'

पुन्हा म्हणायला लावलं बयेने! दार सताड उघडं होतं.