शुभाच्या बाबांची टेप

बुधवार, डिचोली

खाणीच्या ऑफिसातला जुना टेप ड्राइव्ह आज एकदाचा चालू झाला. चिकट झालेला रबरी रोलर बदलला, एवढंच. शुभाचे बाबा रोज संध्याकाळी त्यावर बॅकअप घेऊन शेवटी आपलं नाव टाइप करायचे. ते वारल्यावर तिला ती टेप वाचून हवी होती. मला शुभा हवी आहे.

शेवटचं नाव सोमवारचं निघालं. पण बाबा त्याआधीच्या शनिवारी गेले, मी स्वतः खांदा दिला. मग ते नाव? तारीख चुकली म्हणावं, तर आधीच्या सगळ्या बरोबर.

“कोणी केली ही थट्टा?” मी टेबलावर हात आपटला.

“आरडतंस कित्याक?” शुभा शांतपणे म्हणाली. “सोमवारी बाबा घरी जेवूक पण आयिल्ले. आज तू पण ये. ते येतले.”

चार महिने ह्या एका आमंत्रणासाठी झुरलो. हो म्हणालो.