वाघीचा स्वेटर

कामिनी,

बसस्टँडवरून आणलेल्या त्या कुत्रीची, वाघीची खरूज तीन इंजेक्शनं देऊनही हटेना, म्हणून काल मी तुलाच बोललो, की तू तिला नीट धूत नाहीस. चूक माझी निघाली. आज देवपूरच्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "आबा, औषध देता आणि तेच किडे परत अंगात घालता?"

केस गेल्याने ती कुडकुडायची, म्हणून तुझ्या सासूबाईंचा जांभळा स्वेटर मीच तिला घालत होतो. त्या गेल्यापासून तो धुवायला माझं मन होत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, जाळून टाका.

स्वेटर मागच्या अंगणात बादलीत आहे. वाघीला घेऊन मी मळ्यात जातो, पाचला येईन. तोवर तू उरकून टाक. मी दोनदा काडी ओढली आणि दोनदा विझवली.

आबा