राहीबाईच्या जबाबातलं नाव

नगर,
ता. ११ मार्च १९७४

ती. सौ. आक्कास,

आसारामचा नमस्कार. परवाच मुंबईहून नगरला आलो. तब्येत बरी आहे. विश्रामगृहाचा खानसामा मात्र भाजीत असं तिखट लोटतो की तुझ्या हातच्या पिठल्याची आठवण होते. दाजींचा दमा कसा आहे? तुमच्याकडे टँकर येतो ना?

माझं म्हणशील तर आता थोरला तपास अधिकारी झालो. लोकायुक्तांची कचेरी निघून दीडच वर्ष झालं, पण लोक भडाभडा तक्रारी पाठवताहेत आणि मी सरकारी माणसांची अंडीपिल्ली बाहेर काढत हिंडतोय. आमचा आसाराम साहेबांचा साहेब झाला, असं तू गावभर सांगत असशील. सांगू नकोस इतक्यात.

इथवर लिहून दोनदा कागद फाडला. आता सरळच लिहितो.

या खेपेची तक्रार तुझ्या थोरल्या जावेची आहे, राहीबाईची. शेत तलावात गेलं, बदली जमीन मिळाली नाही, बावीस वर्षं कचेरी अर्जाला उत्तर देत नाही, असं तिनं मास्तरांकडून लिहून घेतलंय. मी तिला दुष्काळी कामावर गाठलं. खडी फोडत होती गं, या वयात! मला वाटलं, तिनं मला ओळखलं नाही.

जबाबात नवऱ्याचं नाव लागतं. विचारलं, तर पदर पुढं ओढून म्हणाली, "मालकाचं नाव कसं घिऊ, सायेब? तुमीच लिवा. तुमाला ठाव हाय."

माझा हात थांबला. बावन्न साली मीच तिथला तलाठी होतो. तलावात जमिनी गेलेल्यांची यादी मीच केली. तिच्या नवऱ्याला, श्रीमंतरावांना, जाऊन वर्षही झालं नव्हतं. तेव्हाही ती नाव घेईना. शेजारी दाजी उभे होते. म्हणाले, "लिव, छगन." धाकट्या भावानं स्वतःचं नाव सांगितलं आणि मी ते लिहिलं. तिनं भरवशानं अंगठा दिला आणि तिची बदली जमीन दाजींच्या नावावर गेली. बाई बोलेना, मी काय करणार, असं आजवर मनाला सांगत आलो. साफ खोटं! श्रीमंतरावांच्या पंगतीला कितीदा जेवलो होतो मी. पण तुझ्या घरात खाणारी तोंडं सात होती.

तुला हे ठाऊक होतं का, ते मी कधी विचारलं नाही. आजही विचारत नाही.

मूळ यादी दप्तरात सापडली. अक्षर माझंच. बरोबरचा कारकून म्हणाला, "तो तलाठी मेला असेल, साहेब. तसं लिहून टाकू." खोटं कशाला बोलू, घटकाभर मलाही ते गोड वाटलं.

मग पुन्हा तिच्याकडे जाऊन जबाबात 'श्रीमंत' लिहिलं आणि तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती एवढंच म्हणाली, "आता बराबर हाय." त्यापेक्षा पायताण काढून हाणलं असतं तर बरं झालं असतं.

आज वरिष्ठांना कळवतोय, की ही चौकशी दुसऱ्याकडे द्यावी आणि त्या तलाठ्याचा जबाब घ्यावा, तो जिवंत आहे. नोकरी बहुतेक जाईल. तुमची जमीनही जाईल. दाजी चिडतील, तू शिव्याशाप देशील. दे. तुझ्या लेकरांच्या ताटात दुसरीचा घास मीच वाढला, आता मीच काढून घेतोय. दोन्हीची लाज वाटते, आक्का.

भाऊबीजेला येईन. ओवाळायचं की दारातून परत धाडायचं, ते तू ठरव. पण तुझ्याकडे येण्याआधी राहीबाईच्या दारात जाऊन येणार आहे.

तुझा भाऊ,
आसाराम
(तेव्हाचा तलाठी)