नऊ वर्षांची सुट्टी

क्रमांक ४७, समुद्राकडची रांग
२ डिसेंबर

प्रिय थेल्मा,

तुझं ख्रिसमसचं कार्ड काल मिळालं. दरवर्षीप्रमाणे सगळ्यांच्या आधी. आत नुसती सही होती, पण चित्रातला पक्षी गोड आहे, मी तो खिडकीत लावलाय. गुडघा कसा आहे? जिना कमी चढ-उतर कर. मी बरी आहे. वारा सुटला की घर हलतं आणि कपाटातल्या बश्या वाजतात, पण आता त्याची सवय झाली.

एवढं लिहून तीनदा उठले. एकदा चहाला, एकदा गॅसचं सिलिंडर हलवून बघायला, एकदा उगाच.

काम असं आहे, की पार्कच्या ऑफिसातून तुझ्याकडे एक पाकीट येईल. ते न उघडता मला धाडून दे.

छे, तू उघडशीलच. लहानपणापासून माझी पाकिटं तूच फोडत आलीस. आणि हे तर तुझ्याच नावाचं असणार आहे, मग कसली चोरी?

नीट सांगते. आमच्या पार्कमधली ही चाकांवरची घरं सुट्टीत येऊन राहण्यापुरती आहेत. कायम राहायची परवानगी नाही. घर घेताना माझ्या रेगने सही केली तेव्हा हे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं म्हणे. आम्ही दोघांनी खिडकीतून समुद्र बघितला, कागद कुणी बघितला? तेव्हापासून नऊ वर्षं आम्ही सुट्टीवर आहोत. समोरचा आर्थर अकरा वर्षं सुट्टीवर आहे. मार्जरीचे तर दोन नवरे सुट्टीतच वारले. राखणदार नेव्हिल रोज सकाळी विचारतो, "काय लोर्नाबाई, सुट्टी कशी चाललीय?" मी म्हणते, "मजेत! परत जावंसंच वाटत नाही बघ." दोघंही हसतो.

पण पाच जानेवारीपासून सहा आठवडे पार्क बंद असतो. पाणी तोडतात, फाटकाला कुलूप लागतं. ज्याने त्याने आपापल्या खऱ्या घरी जायचं. रेग होता तेव्हा आम्ही ते दिवस स्पेनमध्ये काढायचो, हे तुला माहीत आहे.

गेल्या हिवाळ्यातही मी तिकडेच होते, असं तुला वाटतं. सहा कार्डं आली ना तुला? 'आज फार ऊन आहे', 'काल मासे खाल्ले', वगैरे?

थेल्मा, ती सहाच्या सहा कार्डं मी इथे, याच टेबलावर एका दुपारी लिहिली. मार्जरी स्पेनला चालली होती. तिला म्हटलं, दर आठवड्याला एक टाक. ती म्हणाली, "अगं, बहिणीला कशाला फसवतेस?" मी म्हटलं, "तुला टाकायचीत का नाही?" तिने टाकली.

मी इथेच होते. पडदे ओढून, कोट घालून. पाणी कुंपणाच्या फटीतून जाऊन चर्चच्या आवारातल्या नळावरून आणायचे, थडग्यावर फुलं ठेवायला आलेली बाई असावी तशी हातात झारी घेऊन. दिवसभर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायचे. बावीस पावलं होतात. घरात पाय ठरत नव्हता आणि बाहेर दिसायची सोय नव्हती. चौथ्या आठवड्यात बर्फ पडला आणि नेव्हिलने पायरीपासून निघालेली पावलं पाहिली. दार वाजवलं. मी श्वास रोखून बसले. तो बाहेरूनच म्हणाला, "बाई, मी काही बघितलेलं नाही. पण जिवंत असाल तर एकदा खोका हो." मी खोकले. मग रोज सकाळी पायरीवर गरम सूप असायचं.

मला लाज वाटते गं. सुपाची नाही, कार्डांची.

आता मालक बदललेत. या वसंतात त्यांनी प्रत्येकाकडून खऱ्या घराचा पत्ता लिहून घेतला. पेन हातात धरून मी कितीतरी वेळ बसले होते. शेवटी तुझा पत्ता लिहिला, तुला न विचारता. आता ते प्रत्येक पत्त्यावर कागद पाठवून खात्री करणार आहेत. ज्याचं उत्तर 'नाही' येईल, त्याचं घर पार्कमधून काढून नेणार. आर्थर आपला म्हणतो, "काढू दे, मीही आत बसून जाईन." नेव्हिल मला म्हणाला, "या वर्षी मला दिसेल, बाई. दिसलं नाही तर माझी नोकरी जाईल."

रेगच्या अंत्यविधीनंतर तुझ्या स्वयंपाकघरात तू म्हणालीस, "मागची खोली रिकामीच आहे, ये." मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तुझ्या मागच्या खोलीत पडून राहायला मी काय मांजर आहे?" त्याला सोळा महिने झाले. तू बश्या धुवत राहिलीस. त्याआधी तू माझ्या घराला पत्र्याचा डबा म्हणाली होतीस, त्याचा राग मी त्या दिवशी काढला. डबाच आहे तो. खरं बोललीस म्हणून तर झोंबलं.

त्या खोलीत अजून शिवणयंत्र आहे का? मला ते अडचणीचं नाही. त्याच्या शेजारी झोपेन. तुझा जिनाही मी चढेन, तू खाली बस.

त्या कागदावर एकच प्रश्न असतो, आर्थरच्या मुलीने सांगितलं: ही व्यक्ती आपल्याकडे राहते का? पुढे दोन चौकटी, हो आणि नाही. तुला खोटं बोलता येत नाही, ते सगळं माझ्या वाट्याला आलं. म्हणून 'हो'वर खूण कर असं मी सांगत नाही. खूण करायच्या आधी मला फक्त एवढं कळव, की मी कधी येऊ.

चार जानेवारीपर्यंत वरच्या पत्त्यावर लिही. त्यानंतरचा पत्ता मला माहीत नाही.

सुट्टीला कंटाळलेली,
तुझी धाकटी
लोर्ना