बिजलीचा पाय

प्रिय वैभव,

फोन सोडून आईला पत्राचं काय खूळ लागलं, म्हणून हसशील. हस बापा. फोन लावला की तुझे बाबा समोर येऊन बसतात, आणि हे त्यांच्यादेखत बोलवत नाही.

आपल्या घोडीच्या पायात खिळा गेला, एवढंच ते तुला म्हणाले. पुढचं गिळलं. बाबा बिजलीला घेऊन मनीषनगरातल्या एका वरातीला गेले होते. मंडप दिसायला लागला आणि बिजली लंगडली. बाबांनी खूर उचलून पाहिला नि म्हणाले, "नवरदेवाले उतरवा गा, घोडी दुखावली." नवरदेवाचे आजोबा अडून बसले. मंडपाआधी नवरदेव उतरला तर अपशकुन! आता सक्करदऱ्यातल्या साऱ्या वरातींना हा नियम आजवर ऐकवला कोणी? तुझ्या बाबांनीच. स्वतःचाच शब्द त्यांना मोडवेना. तिला तशीच चालवत नेली. चाललीही, वेडी.

डॉक्टरांनी खिळा काढला, खूर कोरून भोक मोकळं केलं, इंजेक्शनं दिली. जखम वरून बुजवू नका, आतली घाण वाहू द्या म्हणाले. बाबा रोज तिचा पाय कोमट मिठाच्या पाण्यात धरून बसायचे. पट्टीला मऊ कापड हवं म्हणून मी माझ्या वडिलांनी मागावर विणलेलं लुगडं फाडलं. तुझ्या लग्नात नेसणार होते ते, पण हात अडला नाही. पट्टी बांधताना ती बाबांच्या पाठीवर मान टाकून उभी राहायची. पण चालता चालता खिळा पार हाडापर्यंत रुतला होता. पू सांध्यात उतरला. एका सकाळी ती उठलीच नाही.

बिजली गेली रे. "मजेत आहे," असं बाबा तुला सांगतात ते खोटं. माझी वरात बिजलीवरच, असं तू कॉलेजात असल्यापासून म्हणायचास. तुझ्या आनंदावर विरजण नको म्हणून लपवतात. अजूनही सकाळी मिठाचं पाणी तापवायला ठेवतात, मग आठवतं, आणि अंगणात ओतून येतात. मला बघवत नाही.

म्हणून लिहिते आहे. लग्नाला आलास की बिजली कुठाय, असं विचारू नकोस. दुसरी घोडी नको, मोटार नको, मी वरातीत पायीच चालणार, असं तूच हट्टानं सांग. बाबांना शेजारी घे. आणि मंडपाआधी त्यांचा पाय अडला, तर थांब. काही अपशकुन होत नाही.

तुझीच,
आई